जैसलमेरची माळढोक सफारी: लांबून दाखवतात, आणि तेच बरंय

आधीच सांगून टाकते, ज्यांना माळढोकाचा मोबाईलवर क्लोजअप पाहिजे त्यांनी ही सर्व्हिस घेऊ नका, नंतर वैतागाल. इथे पक्षी लांबूनच दाखवतात. म्हणजे किती लांबून, तर स्कोपला (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) डोळा लावल्याशिवाय तो पक्षी आहे का रुईचं झुडूप आहे हेही कळत नाही, आणि तुम्ही कितीही गळ घातली तरी गाडी मळलेली वाट सोडत नाही. मी पाचपैकी साडेचार देतेय ते ह्याच कारणासाठी.

ऑपरेटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. दोन गाड्यांचा घरगुती कारभार आहे, नाव पसरलं की दहा गाड्या लागणार आणि जे चांगलंय तेच जाणार. शिवाय काय बघून निवडायचं हे कळलं तर नावाची गरजच नाही, त्या भागात असे प्रामाणिक लोक बरेच आहेत. उलटेही बरेच आहेत, आणि माझी गाठ आधी उलट्याशीच पडली.

झालं असं की मी आधी एका एजंटला फोन केला, नेटवर पहिलाच नंबर त्याचा आला म्हणून. हा माणूस सुरुवातच करतो, "मॅडम, सायटिंग गॅरंटी, नाही दिसला तर अर्धे पैसे परत, गाडी एकदम जवळ लावून देतो, फोटो असा येईल की मित्रमंडळी जळतील." परमिटचं काय विचारलं तर म्हणे ते आपलं सेटिंग आहे, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी तिथेच फोन ठेवला. अहो, ज्या पक्ष्याचे रानात कसेबसे दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातलेही जवळजवळ सगळे ह्या एका जिल्ह्यात आणि आजूबाजूला, त्याची गॅरंटी कोण देऊ शकतो? ज्याला एखाद्या पक्ष्याची बसायची जागा पक्की माहितीये आणि जो तुम्हाला घेऊन रोज तिथे घुसणार आहे तोच. १९६९ साली ह्या पक्ष्याची देशातली संख्या बाराशे साठ असावी असा अंदाज होता. तेव्हापासून शिकार झाली, माळ गेले, विजेच्या तारा आल्या, आणि उरलेल्यांच्या मागे आता आपण कॅमेरे घेऊन फिरतोय.

दुसरा फोन ह्यांना केला. ह्यांनी रेट सांगायच्या आधी मलाच प्रश्न विचारले, किती जण आहात, लहान मुलं आहेत का, आधी कुठे पक्षी बघितलेत का, ड्रोन वगैरे आणणार नाही ना. मग म्हणाले दिसेलच असं नाही, लोक नुसता वारा खाऊन पण परत जातात, चालत असेल तर या. हे ऐकूनच मी बुकिंग केलं. मामा शेजारी बसले होते, ते म्हणाले, "बघ, धंदा करणारा माणूस नाही म्हणतोय म्हणजे माणूस बरा असणार."

मामांबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण ही ट्रिप मुळात त्यांच्यासाठी होती. मामा नान्नजजवळच्या मार्डीकडचे. सोलापूर-बार्शी रोडवरचं नान्नज माहिती असेल तुम्हाला, माळढोक अभयारण्याचं तेच. ते लहान असताना हा पक्षी त्यांच्या भुईमुगाच्या रानात उतरायचा, चार-पाच मिळून, आणि कोणाला त्याचं काही विशेष वाटायचं नाही. आज सोलापूरच्या माणसाला माळढोक बघायचा तर राजस्थानात जावं लागतं, कारण आमच्याकडच्या अलीकडच्या गणनेत एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते.

बरं, सफारीकडे येते. पहाटे अंधारातच निघालो, थंडी एवढी की मामांनी दोन कानटोप्या घातल्या होत्या एकावर एक. गाईड जवळच्याच एका ढाणीतला, म्हणजे वाडीतला, पंचविशीच्या आतला मुलगा. गाडी सुरू व्हायच्या आधी त्याने सगळ्यांना खाली उतरवून नियम सांगितले, आणि हे मला फार आवडलं कारण बाकी सफाऱ्यांमध्ये नियम तिकिटाच्या मागे छापलेले असतात आणि कोणी वाचत नाही. गाडीतून उतरायचं नाही, दार आपटायचं नाही, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही, आणि फोटो काढला तर लोकेशन बंद करून काढायचा. शेवटचं त्याने प्रत्येकाच्या मोबाईलवर स्वतः चेक केलं. आमच्या मागच्या गाडीत दिल्लीकडचं एक कपल होतं, त्यांना जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. वाटू दे.

डेझर्ट नॅशनल पार्क म्हटल्यावर डोळ्यासमोर वाळूच्या टेकड्या येतात. तसं काही नाहीये. टेकड्या सम नावाच्या गावाला आहेत, तिथे उंट आणि रात्रीचा डीजे आहे, ज्यांना ते पाहिजे त्यांनी तिकडे जावं. माळढोकाचा मुलूख म्हणजे सपाट, कडक जमीन, त्यावर सेवण गवताचे गुडघ्याएवढे झुपके, मध्येच केराची झुडपं, बोर, एखादं खेजडीचं झाड. मामा बघताक्षणी म्हणाले, "अगं हे तर आपलं माळरानच की, फक्त कुसळाच्या जागी हे गवत." आणि खरंच तसं आहे. पार्क कागदावर ३,१६२ चौरस किलोमीटर, पण आत गावं आहेत, ढाण्या आहेत, गुरं-शेळ्या आहेत. सगळा भाग काही कुंपणात नाही, सुदासरी वगैरे काही तुकडे वनविभागाने जाळी मारून राखलेत, आणि तिथे गवत बाहेरच्यापेक्षा किती वेगळं आहे हे आपल्यासारख्याला पण कळतं.

पहिला तास-दीड तास चिंकारा, गिधाडं, एक वाळवंटी कोल्हा, फिकट रंगाचे धाविक पक्षी, आणि लांबवर एक तिलोर, जो माळढोकाचाच छोटा पाहुणा भाऊबंद, हिवाळ्यात येतो. गाईडची नजर कशी चालते हे बघण्यासारखं होतं. तो गवतात बघतच नव्हता, गवताच्या वरच्या रेषेवर बघत होता. म्हणे गवताच्या वर पांढरी काठी दिसते, ती हलली तर गोडावण, नाही हलली तर काठी. गोडावण म्हणजे आपला माळढोक, राजस्थानचा राज्यपक्षी. जैसलमेरला एका हॉटेलात त्याच नावाची व्हिस्की पण मिळते. लेबलवर पक्षी छान दिसतो, सगळ्यात जवळून मी तिथेच बघितला असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग ती काठी हलली. दोन माद्या होत्या, पुढेमागे. स्कोपमधून बघितलं तर आधी फक्त मान आणि काळी टोपी, बाकी अंग गवतात. चार पावलं चालायची, थांबायची, मान खाली जायची आणि झटकन वर यायची, चोचीत काहीतरी, बहुतेक टोळ किंवा भुंगेरा. मग परत तसंच. एवढ्या मोठ्या पक्ष्याचं चालणं इतकं सावकाश आणि विचार करून असतं की बघणारा आपोआप हळू बोलायला लागतो. थोड्या वेळाने बरंच मागे एक नर दिसला, उंचीला मीटरभर, मान जवळजवळ पांढरीशुभ्र, छातीवर काळा पट्टा. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांत त्याचा नंबर लागतो. मामांना मी म्हटलं बघा बघा, तर ते स्कोपवरून उठायलाच तयार नाहीत, मागे लाईन लागलेली. हाच माझा अर्धा स्टार कापायचा मुद्दा. दोन गाड्यांना मिळून एकच स्कोप. पक्षी एवढा लांबून दाखवायचा म्हणता, बरोबर आहे, मग प्रत्येक गाडीला एक स्कोप नको का? मालकांना परत आल्यावर सांगितलं, ते म्हणाले महाग येतो. येत असेल, पण मग रेटमध्ये शंभर-दोनशे वाढवा, कोणी नाही म्हणणार नाही.

तर त्या माद्यांपैकी एक अचानक ताठ उभी राहिली. मान सरळ वर, चोच जराशी आभाळाकडे, पूर्ण स्तब्ध. मला वाटलं आता फोटो छान येईल. गाईडने त्याच क्षणी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी हळूच मागे घ्यायला सांगितली. मागच्या गाडीतून लगेच कुरकूर, अरे आत्ता तर दिसायला लागला, दोन मिनिटं थांबा. तो म्हणाला, "तिने आपल्याला बघितलंय. ती आता खात नाहीये, आपल्याकडे बघतेय. अजून थांबलो तर उडेल, आणि ती उडालेली मला नकोय." का नकोय ते त्याने मग बोटाने दाखवलं. पाठीमागे क्षितिजावर तारा होत्या.

माझ्या मते ह्या सर्व्हिसची खरी किंमत इथे वसूल झाली. पैसे भरलेल्या गिऱ्हाईकाला ऐन वेळी मागे ओढायची धमक किती गाईडमध्ये असते? ताडोबात वाघिणीभोवती गाड्यांची कोंडी आपण सगळ्यांनी बघितलीये. इथे पक्षी दिसल्यानंतर आम्ही जेमतेम दहा-पंधरा मिनिटं तिथे असू आणि त्यातही शेवटचा भाग मागे सरकण्यातच गेला.

तारांचं प्रकरण मला ऐकून माहिती होतं पण तिथे उभं राहून कळतं ते वेगळं. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं आणि जमिनीवरचं चांगलं दिसतं पण नाकासमोरचं नीट दिसत नाही. त्यात उडताना तो बरेचदा खाली बघत असतो. आणि वजन एवढं की तार दिसली तरी ऐन वेळी वळता येत नाही, भरलेली उसाची ट्रॉली उतारावर जशी वळत नाही तसंच. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासात थरच्या वाळवंटात तारांना धडकून वर्षाला अठराएक माळढोक मरतात असा अंदाज निघाला होता. दीडशेतले अठरा. आणि हा पक्षी वर्षाला साधारण एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, घरटं असं काही नाही, नुसता खळगा. मादी अंडी घालायला लागायलाच तीनेक वर्षं जातात. गणित कुठे जातं ते सांगायला नको.

पोखरण-जैसलमेर पट्ट्यात येताना गाईडने (हो, पोखरणपासूनच तो बरोबर होता, हे पॅकेजमध्ये होतं आणि घ्याच, नुसता हायवे म्हणून झोपून जाऊ नका) तारांवर लावलेल्या चकत्या दाखवल्या. त्यांना बर्ड डायव्हर्टर म्हणतात, वाऱ्यावर फडफडतात किंवा फिरतात, दिवसा चमकतात आणि रात्री मंद उजळतात म्हणून काही मॉडेलांना फायरफ्लाय म्हणजे काजवाच म्हणतात. चाचा आणि धोलिया गावांच्या मध्ये साडेसहा किलोमीटरच्या तारांवर २०२० साली अशा १,८१३ लावल्या होत्या. आम्ही एका ठिकाणी खाली थांबून बघितलं. वाऱ्याला त्या टकटक वाजतात. एका तारेवर रांगेत सलग चार-पाच होत्या आणि मग एक नुसताच चिमटा, चकती गायब. पुढे परत तसंच. मला वाटलं होतं लावल्या की झालं. पण वाळवंटातलं ऊन, वाळू, वारा, आणि ह्या बारक्या प्लॅस्टिकच्या वस्तू, त्या टिकणार किती आणि पडलेल्या बदलणार कोण, ह्याला रोजचा माणूस लागतो. शिवाय पक्ष्याला ती चकती पन्नास मीटरवरून दिसली तरी पंधरा किलोच्या जिवाला तेवढ्यात वर उचलायचं असतं. नसण्यापेक्षा बरं, एवढंच मी म्हणेन.

आता ह्यात गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. ह्या तारा बऱ्याचशा सोलर आणि पवनचक्क्यांच्या आहेत. जमीन सपाट, ऊन रग्गड, वस्ती कमी, म्हणून सगळे प्रोजेक्ट इथेच. आणि ते प्रोजेक्ट कशासाठी, तर हवामान बदल रोखायचा म्हणून. आणि हवामान बदलल्याचा मार खातोय कोण, तर परत हाच पक्षी. गाईडच्या आजीचं म्हणणं त्याने सांगितलं की आधी पाऊस कमी पडायचा पण वेळेवर पडायचा, आता येतो तेव्हा एकदम कोसळतो. उघड्या खळग्यात अंडं असलेल्या पक्ष्याला एका रात्रीत माळभर पाणी साचलं की खेळ खलास. पाऊस आलाच नाही तर टोळ नाहीत, गवत नाही, मग ती अंडंच घालत नाही. उलट चांगला पाऊस झालेल्या वर्षी एका खळग्यात दोन अंडी पण सापडलीत, म्हणजे पक्ष्याची तयारी आहे, त्याला फक्त सीझन नीट मिळायला हवा. शेजारच्या फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ डिग्री तापमान नोंदलं गेलं, देशातला रेकॉर्ड. तसल्या उन्हात मादीने अंड्यावर सावली धरून बसायचं, त्यात कुत्री, कोल्हे, घोरपडी आहेतच.

ह्यावर सुप्रीम कोर्टात काय काय झालं ते थोडक्यात. एप्रिल २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की ह्या भागातल्या तारा जमिनीखालून न्या. तो एरिया सगळा मिळून नव्याण्णव हजार चौरस किलोमीटरच्या घरात जात होता. सरकार परत कोर्टात गेलं, एवढ्या उच्च दाबाच्या तारा एवढ्या लांब जमिनीखाली घालणं जमणार नाही, खर्च परवडणार नाही, आणि आपण जगाला सोलरचा शब्द दिलाय. मार्च २०२४ मध्ये कोर्टाने आधीचा सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची कमिटी नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क हा नागरिकांचा मूलभूत हक्क आहे असं पण म्हटलं. मग डिसेंबर २०२५ च्या निकालात कमिटीचं ऐकून राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर असं प्राधान्याचं क्षेत्र ठरलं, तिथे नवीन पवनचक्क्या आणि मोठे सोलर प्रोजेक्ट नकोत, आणि तारा ठरावीक कॉरिडॉरमधून न्यायच्या.

माझ्या घराच्या गच्चीवर सोलर आहे, त्यामुळे मी काही सोलरवाल्यांना शिव्या देणार नाही. पण मला कोणीतरी समजावून सांगा की एवढ्या मोठ्या देशात तारा कुठून न्यायच्या हे ठरवताना गवत बघणारा एक माणूस टेबलावर का नसतो. सरकारी कागदात ह्या गवताला पडीक जमीन म्हणतात, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. झाडं नाहीत म्हणजे काही नाही, द्या प्रोजेक्टला. किंवा मग झाडं लावा! आमच्याकडे सोलापुरात तर माळावर ग्लिरिसिडिया लावून झालाय. माळढोकाला चहूकडचं दिसायला लागतं, झाडी आली की तो जागा सोडतो, हे मामांसारख्या शेतकऱ्याला माहिती होतं आणि वृक्षारोपणाचे फोटो काढणाऱ्यांना नव्हतं.

मामा त्या दिवशी दुपारी एकदम बोलायला लागले. गाईडशी त्यांचं हिंदी म्हणजे अर्धं मराठी, पण दोघांचं जमलं कसं काय कोण जाणे. तो सांगत होता की नॅशनल पार्क म्हणून आमच्या ढाणीला रस्ता नाही, लाईट यायला किती वर्षं लागली, म्हातारी माणसं पक्ष्यावर चिडतात. मामा म्हणाले, "आमच्याकडं पण हेच झालं." आणि ते खरंय. आमचं अभयारण्य १९७९ साली झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणं, सगळं आत. जमिनीचा व्यवहार करायचा तर अडचण, विहिरीपासून कारखान्यापर्यंत प्रत्येकाला परवानगी. लोकांच्या तोंडी माळढोक म्हणजे शिवी झाली. पुढे ते कमी करून १,२२२ वर आणलं, पण तोपर्यंत लोकांचा राग बसलेला. आणि खरा पक्षी गेला तो उजनीचं पाणी आलं आणि ज्वारी-भुईमूग जाऊन ऊस-द्राक्षं आली तेव्हा. इथे राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याने पण बऱ्याच गवताचं शेत केलंय. पाणी आलं म्हणून शेतकऱ्याला कोण नावं ठेवणार, मामांनी स्वतः द्राक्षं लावली होती. पण म्हणूनच गाईड, ड्रायव्हर, स्वयंपाक करणाऱ्या बाया सगळे ढाणीतलेच असणं मला महत्त्वाचं वाटतं. ह्या लोकांना पक्ष्यामुळे चार पैसे मिळतायत, सोलापुरात कोणाला मिळाले नाहीत. गाईड म्हणाला माझा बाप आता कुत्री हाकलतो कुंपणाजवळून, आधी बघायचा पण नाही.

काही जण समच्या माळढोक ब्रीडिंग सेंटरसाठी विचारतात, आत नेतात का म्हणून. नाही नेत, आणि ते बरोबरच आहे, माणसांकडून रोग जायची भीती असते आणि पक्षी माणसाळलेले नकोत. आमच्या गाडीतल्या एकाने काही देऊन जमेल का असं हळूच विचारलं, गाईड नुसता हसला. आत काय चालतं ते त्याने छान समजावलं मात्र. २०१९ पासून रानातली अंडी उचलून आणून मशिनमध्ये उबवायची, पिल्लं हाताने वाढवायची, अबू धाबीच्या तिलोर वाढवणाऱ्या संस्थेची मदत आहे त्याला. मग ती पिल्लं मोठी होऊन २०२३ मध्ये त्यांचीच जोडी जमून पिल्लू झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनाने पिल्लू झालं, रामदेवराच्या सेंटरमधला सुदा नावाचा नर आणि इकडची टोनी नावाची मादी, मधलं अंतर दोनशेएक किलोमीटर. त्या नराला आधी कितीतरी महिने खोट्या मादीवर ट्रेन केलं होतं म्हणे, हे ऐकून मामा खो खो हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले आपल्याकडं म्हशीचं करतात की तसंच. आता दोन्ही सेंटर मिळून पक्षी साठीच्या पुढे गेलेत. पण ते सोडणार कुठे? हा प्रश्न गाईडनेच विचारला, आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही. परत त्याच तारांमध्ये सोडायचे असतील तर एवढी मेहनत कशाला.

बाकी राहण्या-जेवणाचं पटकन. खोल्या साध्या, मातीच्या झोपड्या, गरम पाणी बादलीने मिळतं आणि मागितल्यावर मिळतं. रजया जाड होत्या. बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, कढी, गूळ, सगळं उत्तम, पण तिखट सांभाळून, आम्हा सोलापूरकरांना सुद्धा लागलं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या वाटत नाहीत, आपली बाटली न्यायची, चांगलंय. नेटवर्क जवळजवळ नाही. रात्री डीजे नाही, ज्यांना पाहिजे त्यांना मालक सरळ समचा रस्ता दाखवतात. जीप गाईडसकट अर्ध्या दिवसाला साडेतीन हजार घेतले, पार्कची एन्ट्री वेगळी, पावती वनविभागाची मिळाली, मागावी लागली नाही. एजंटपेक्षा हे महाग पडतं हे खरं आहे. वयस्कर माणसं असतील तर गाडीच्या मागच्या सीटवर बसवू नका, हाडं खिळखिळी होतात, मामा दुसऱ्या दिवशी पुढेच बसले.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आमच्या ओळखीतल्या एकीने मुलांच्या सुट्टीत जायचं म्हणून मे-जूनचं विचारलं तर ह्यांनी बुकिंगच घेतलं नाही, तेव्हापासून पावसाळाभर अंडी-पिल्लांचे दिवस असतात, गोडावणच्या भागात गाडी नेत नाही म्हणाले. नर तेव्हा गळ्याची पिशवी फुगवून नाचतो, तिचं टोक जवळजवळ जमिनीला टेकतं, ते बघायला मिळावं म्हणून लोक दुप्पट पैसे देतात आणि देणाऱ्याला नेणारेही भेटतात. तुम्हाला सुट्टीतच जायचं असेल तर नान्नजला जा, माळढोक धरून चालू नका पण काळवीट नक्की आणि नशीब असेल तर लांडगा दिसतो, परवानगी वनविभागाकडून आधी काढा, आणि सकाळी लवकर पोहोचा, नऊनंतर ऊन माळावर उभं राहू देत नाही.